झील नसलेलं पद

शेअर टॅक्सीच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसता बसता अराबाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. होता तिचाच, पण कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखा पळणारा, चिरका, श्वास न घेणारा. शेजारी टाय लावलेला एक जाडसर गृहस्थ गुडघ्यावर मोबाइल टेकवून तिचा धडा ऐकत होता. बँकेत कारकून वगैरे असावा. पुढच्या सीटवरची मासळीवाली मान वळवून म्हणाली, "अहो, त्या बाईला जरा दम तरी खाऊ द्या." "वेळ कुठाय मावशी," तो म्हणाला, "शनिवारी परीक्षा आहे, म्हणून दीडपट वेगानं लावलंय." घानातल्या टाकोराडी शहरात, बाजाराच्या गोल चौकात टॅक्सी अडकली होती. काचेतून सुक्या मासळीचा आणि डिझेलचा वास आत येत होता. आणि मग धड्यात आईचं पद सुरू झालं. आईचा तो रुंद, खालच्या अंगाचा, जुन्या लाकडासारखा आवाज त्या दीडपट वेगात पाखरानं टिवटिवावं तसा वाजला, एक क्षणभरच. गृहस्थाचा अंगठा सवयीनं पडद्यावरून सरकला, पद ओलांडून पुढे गेला, आणि पुन्हा अराबाचा पळता आवाज बोलू लागला. न राहवून तिनं विचारलं, "गाणं नाही का ऐकत तुम्ही?" त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही, आणि चांगल्या मनानं समजावून सांगितलं, "गाणं परीक्षेला नसतं, ताई."

तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.  ती विद्यापीठाच्या फाटकाच्या बरीच आधी उतरली आणि उन्हातून चालू लागली. मौखिक वाङ्मय शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. पूर्वी वर्ग भरायचा तो ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखाली, आणि पहिल्याच दिवशी ती मुलांना सांगायची, मला मध्येच तोडा. आपल्याकडे बोलणाऱ्याला तोडणं हा अपमान नसतो, मान असतो. रविवारी देवळात पाद्रीबाबांचं निरूपण रंगात आलं की बायकांच्या बाकावरून कुणीतरी उठते, त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबवते, आणि त्याच वाक्यातला धागा ओढून जागच्या जागी पद उचलते. मंडळी झील धरतात, म्हणजे तिच्या ओळीला एकसुरात उत्तर देतात, पाद्रीबाबा डोळे मिटून उभे राहतात, आणि पद विरलं की जिथे थांबले होते तिथून पुढे जातात. ज्या प्रवचनाला कुणी तोडत नाही ते कोरडं गेलं असं समजायचं. आणि जिच्या पदाला झील मिळत नाही ती बाई खाली बसते, आणि काही रविवार मागच्या बाकावर जाते. तिला कुणी काही बोलत नाही. बोलावं लागतच नाही.

आई, म्हणजे देवळातली मान्साआई, आयुष्यात कधी मागच्या बाकावर बसली नव्हती. अराबा लहानपणी तिच्या कुशीला टेकून बसायची, तेव्हा आईच्या बरगड्यांत पद आधी उमटायचं आणि मग बाहेर यायचं. उठण्याआधी आई जोडे काढायची, अनवाणी उभी राहायची. अराबाला तेव्हा भीती वाटायची, की आता आई उठणार आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर? पण तिसरा शब्द संपायच्या आत सगळं देऊळ उसळायचं, समुद्र आत आल्यासारखं. पुढे अराबा शिकली, परदेशात राहून आली, या पदांवर जाडजूड प्रबंध लिहिला, आणि स्वतः एकदाही बाकावरून उठली नाही. तिला चाल माहीत होती, लय माहीत होती, कुठे उठायचं तेही माहीत होतं. उठवत नव्हतं.

मग वर्ग पडद्यावर गेला. त्यात वाईट काही नव्हतं, हे ती प्रत्येक बैठकीत स्वतःच सांगायची. कडुनिंबाखाली साठ जण मावायचे, आता चारशे होते. शामा गावची शिवणकाम करणारी मुलगी, तारक्वाच्या खाणीतला मुकादम, रात्रपाळीची नर्स, ज्यांना टाकोराडीला येऊन राहणं या जन्मी जमलं नसतं असे सगळे. विभागप्रमुख प्राध्यापक घार्टी तर म्हणायचे, "इतिहास काय, तत्त्वज्ञान काय, वाङ्मय काय, सगळ्यांना आता याच दारातून यावं लागणार आहे, अराबा. तू दार रंगवून घे." तिनं रंगवलं. पदांच्या धड्यासाठी आईला स्टुडिओत घेऊन गेली. आईनं काबा, म्हणजे देवळात जातानाचं कडक इस्त्रीचं निळं पोलकं, घातला, डोक्याला रुमाल बांधला, आणि काचेच्या त्या थंडगार खोलीत शिरताना हळूच विचारलं, "किती जण आहेत गं?" अराबा फुशारकीनं म्हणाली, "चारशे, आई." आईनं कॅमेऱ्याकडे बघून वाकून नमस्कार केला होता. तेव्हा सगळ्यांना ते गोड वाटलं.

अराबा स्टुडिओत पोचली तेव्हा फीफी, तो धडे चित्रित करणारा, दुपारचं जेवण टेबलावर तसंच ठेवून पडद्याला डोळे लावून बसला होता. "या डॉक्टर मॅडम, तुमचा धडा फार चालतो हं. फक्त गाणं आलं की मंडळी चहाला जातात." त्यानं तिला आलेख दाखवला. डोंगरासारखी रेघ जात होती आणि मध्येच विहिरीसारखा खड्डा. "हा बघा खड्डा. घार्टी सर म्हणतात, गाणं अर्ध्या मिनिटावर आणा. मी म्हटलं, मॅडमच्या आईंचं आहे, मी नाही कात्री लावणार, तुम्ही लावा." "मूळ चित्रण आहे तुझ्याकडे?" तिनं विचारलं. "न कापलेलं?" "माझ्याकडे सगळं असतं. माझ्या बायकोला हेच आवडत नाही." त्यानं ते शोधून लावलं.

पडद्यावर अराबाच निरूपण करत होती. बायबलातली, रानात हाकलून दिलेल्या तहानलेल्या दासीची आणि तिच्या लेकराची गोष्ट. तिच्याच सांगण्यावरून आईनं तिला तोडलं. जोडे काढून उठली. 'पाणी होतं पायापाशी, मला कुणी दाखवावं?' असं पद उचललं, त्याच क्षणी सुचलेलं, आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर, मंडळींकडे. धड्यात इथून थेट अराबाचं स्पष्टीकरण सुरू होत होतं. मूळ चित्रणात तसं नव्हतं. मूळ चित्रणात आई हात पुढे करून उभी होती. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पुन्हा तीच ओळ म्हटली, थोडी चढ्या आवाजात, आपलं ऐकू गेलं नसेल असं वाटून. पुन्हा थांबली. वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग आईनं स्वतःच, अगदी खाली, जणू दुसरीच कुणी बाई कोपऱ्यातून म्हणतेय अशा आवाजात झील म्हटली, 'दाखव, देवा, दाखव,' आणि हात मागे घेतला, काबा नीट केला, आणि पायांनी चाचपडत जोडे शोधू लागली. चौकटीच्या कडेला अराबाचा खांदा दिसत होता. मान खाली. ती पुढचा परिच्छेद वाचत होती.

"ही शांतता," अराबा म्हणाली.

"ती कापायचीच असते मॅडम," फीफी म्हणाला, "नाहीतर लोकांना वाटतं नेट गेलं."

घरी जाताना तिला चित्रणानंतरचे सगळे रविवार आठवत राहिले. दोन वर्षांपूर्वी चित्रणाहून परतताना टॅक्सीत आईनं नुसतं पाणी मागितलं होतं. पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसली, म्हणाली, पुढे पंख्याचा वारा लागतो. त्यानंतर एकदाही उठली नाही. पाद्रीबाबा आपले जुन्या सवयीनं नेमक्या ठिकाणी थांबायचे, बायकांच्या बाकांकडे बघायचे, एक श्वास वाट पाहायचे, आणि पुढे जायचे. अराबानं मनाशी ठरवून टाकलं होतं, वय झालं. गुडघे, दात, धाप. माणूस जवळ असलं की त्याच्याबद्दल आपण किती चटकन ठरवून टाकतो. गावातल्या कुठल्याही अनोळखी म्हातारीनं पद म्हणायचं सोडलं असतं, तर तिच्या अंगणात बसून अराबानं चौकशी केली असती, टिपणं घेतली असती.

आई मागच्या ओट्यावर पाय उंच करून बसली होती. पाय सुजले होते. हृदय थकलंय, आता औषधानं जेवढं टिकेल तेवढं, असं डॉक्टरनं अराबाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आईनं ते दारामागून ऐकलं होतं. अराबा तिच्यापाशी जमिनीवर बसली. "आई, तू पद म्हणायचं का सोडलंस?"

"आता विचारतेस होय."

"सांग ना."

आई शेंगा सोलत राहिली. "चारशे होते म्हणालीस. शिकलेली पोरं. एकानंसुद्धा हूं केलं नाही." मग तक्रार न करता, हवापाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "मी दोनदा दिलं त्यांना. म्हटलं, ऐकलं नसेल. मग कळलं. दिलेलं देव परत नेतो कधी कधी. माझ्या आईचंही नेलं होतं, पण तिचं मरायच्या आदल्या दिवशी. माझं आधी नेलं, काही कारण असेल त्याचं."

अराबाला आतापर्यंत वाटत होतं, आईला त्या रिकाम्या खोलीचं अवघडलेपण लागलं असेल. खोली रिकामी होती हेच आईला माहीत नव्हतं. त्या काळ्या भिंगाआड चारशे जण दाटीवाटीनं बसलेत, आपल्याकडे बघताहेत, आणि आपल्याला नाकारताहेत, हे मनात घेऊन ती मागच्या बाकावर गेली होती, आणि तेच घेऊन आता देवाकडे निघाली होती. "आई, तिथे कुणी नव्हतं गं. पोरं नंतर ऐकतात. आपापल्या घरी. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा."

"नंतर म्हणजे? प्रवचन संपल्यावर?"

"हो."

"आणि मी गायले ते?"

"ते साठवलेलं असतं."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "मग मी कुणापुढे गायले, अराबा?" तिनं विचारलं. आवाजात कुठे धार नव्हती. मग आईच म्हणाली, "उशिरा येणाऱ्यालाही झील धरावी लागते. उशीर झाला म्हणून कुणी गप्प बसतं का? आली नाहीतच ती पोरं. तू काहीही म्हण."

दुसऱ्या दिवशी अराबानं धड्याखाली सगळ्यांसाठी मजकूर लिहिला. आपल्या आईचं कापून टाकलेलं थांबणं तिनं पुन्हा जोडलं होतं, आणि त्याखाली विनंती, की या पदाला तुमच्या स्वतःच्या आवाजात झील पाठवा. गुण नाहीत. लगेच विचारणा आली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" तिनं लिहिलं, नाही. "मग कशासाठी?" तिनं पुष्कळ वाक्यं लिहिली आणि खोडली, आणि शेवटी एवढंच ठेवलं, की गाणारी अजून वाट पाहतेय. प्राध्यापक घार्टींनी फोन केला. "अराबा, हे मूल्यमापनात कुठे बसतं?" "कुठेच नाही सर." "मग वर विचारतील तर मी काय सांगू?" "सांगा, तुमची आईसुद्धा देवळात गायची." पलीकडे घार्टी म्हणाले, "माझी आई बेसूर होती गं," आणि फोन ठेवला.

चारशेंतून तीसेक आवाज आले. अराबानं दुपारी ओट्यावर मोबाइल ठेवला, आईच्या कानाजवळ. पहिला पुरुषी आवाज आला, मागे ट्रक मागे घेतानाची पिंपिं, 'दाखव, देवा, दाखव.' मग एक बाई, मागे बाळाचं रडं. मग एक जण हसू दाबत गाणारा. आईनं डोळे मिटून ऐकलं, कपाळावर आठ्या आल्या. "हे एकेकटे का येताहेत?" तिनं विचारलं. "आपसात भांडलीत का?" अराबा हसली, आणि हसता हसता तिला तोंड फिरवावं लागलं. "नाही आई, लांब लांब राहतात." "अरे देवा," आई म्हणाली, "म्हणजे एकाला दुसऱ्याचा आवाजच जात नाही?" आणि मग ती थोडी पुढे सरकली, सुजलेले पाय खाली सोडले, अनवाणी. "पहिल्याला लाव परत. तो एकटा आलाय, त्याला एकट्याला दिलं पाहिजे."

तिनं त्याच्यासाठी नवी ओळ उचलली. दोन वर्षांनी. आवाज चिरला होता, मधूनच नुसता वारा निघत होता, पण रुंदी तीच. ट्रकवाल्याला तिनं रस्ता दाखवायला सांगितलं, बाळवालीला दुधाचा झरा. हसणाऱ्याला म्हणाली, तू हसतोस म्हणजे तुला पाणी दिसलं असणार, आम्हालाही सांग. प्रत्येकाला वेगळं. एका दुपारी चार-पाच जण व्हायचे आणि तिला धाप लागायची. "उरलेल्यांना सांग, जागा धरून बसा," म्हणायची, "मी कुठे जात नाही." अराबा तिच्यामागे उशी घेऊन बसायची. आईच्या पाठीतून पद आधी कळायचं आणि मग ऐकू यायचं. त्या दुपारींत अराबाला सुख व्हायचं असं म्हणवत नाही. मोजकंच उरलेलं काही हातात असावं आणि ते खर्च होताना दिसावं, तसं व्हायचं. पण आई सकाळी स्वतःहून विचारू लागली होती, आज कोण कोण आहे. देवानं दिलेलं परत नेलं, ही गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

शेवटच्या दुपारी आईचा आवाज उरलाच नव्हता. एका मुलीचं ध्वनिमुद्रण लागलं. बारीक, ओला आवाज, मागे शिवणयंत्राचा खडखडाट. आईनं पूर्ण ऐकलं. अराबानं वाट पाहिली. आई म्हणाली, "ही पोर रडतेय."

"गातेय आई ती."

"गाते आणि रडते. हिला आधी जेवू घाल. मग गाऊ." आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली, पहाटे, अराबा चहाचं आधण ठेवायला उठली तेवढ्यात.

अंत्यविधीला सगळं देऊळ काळ्या-तांबड्या कपड्यांत आलं. मांडव, खुर्च्या, पाहुण्यांचं पाणी, दूरच्या मावश्यांचे रुसवे यात अराबाला रडायला झालं नाही. पाद्रीबाबा निरूपणात त्याच जागी थांबले. सगळ्यांनी अराबाकडे पाहिलं. तिच्या तोंडात पद होतं. पण ती बाकाची कड धरून बसून राहिली, आणि पाद्रीबाबांनी एक श्वास वाट पाहून पुढचं वाक्य घेतलं.

महिना गेला. मोबाइलमध्ये उरलेले आवाज तसेच होते, पद न मिळालेले. ते पुसावेत असंही तिला वाटत नव्हतं, आणि लावायचाही धीर नव्हता. एका सकाळी तिनं केंके आणले, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, पानात गुंडाळलेले, गरम. मासळी तळली, मिरचीचा ठेचा वाटीत भरला, आणि शामा गावाला जाणाऱ्या गाडीत बसली. शिवणयंत्राजवळ गाणाऱ्या त्या मुलीचं नाव एवुरासी होतं. फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं, की मी येतेय. दुकान नदीच्या मुखाशी, पत्र्याचं, दारात अर्धे शिवलेले ब्लाउज टांगलेले. मुलगी गडबडून उभी राहिली, गळ्यात टेप. "मॅडम, माझं काही चुकलं का? मी सगळे निबंध वेळेवर पाठवलेत."

"काही चुकलं नाही. जेवलीस का?"

"नाही अजून."

"बस मग."

अराबानं डबा उघडला. मुलीनं हात धुतले, संकोचत एक घास घेतला, मग दुसरा. भूक होती तिला. "मॅडम," ती म्हणाली, "ते आवाज तुम्ही खरंच ऐकलेत? आम्हाला वाटायचं, पाठवलं की निळी खूण येते, तेवढंच. दोन वर्षं मी निबंध पाठवतेच आहे. कुणी वाचतं-ऐकतं हे माहीत नव्हतं."

"माझ्या आईनं ऐकले. एकेकाला पद दिलं."

"मला कोणतं दिलं?"

"तुला नाही दिलं. म्हणाली, ही पोर रडतेय, हिला आधी जेवू घाल, मग गाऊ."

"मी रडत नव्हते मॅडम. सर्दी झाली होती मला."

"बरं."

"खरंच."

"जेव तू."

मुलीनं मासळीचा काटा काढून बाजूला ठेवला. "मग आता कधी गाणार आहेत आजी?"

"गेली ती," अराबा म्हणाली. तिनं हे दोन शब्द महिनाभर शेकडो लोकांना सांगितले होते, पण तोपर्यंत ते निरोपासारखे होते. एवुरासीचा हात वाटीवर थांबला. मग ती रडू लागली, तोंडात घास तसाच, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तशी. एका कधीही न पाहिलेल्या म्हातारीसाठी की दोन वर्षांच्या निळ्या खुणांसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. अराबाला वाटलं, आईनं चुकीचं ऐकलं नव्हतं, जरा आधी ऐकलं होतं इतकंच. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या स्वतःच्या घशातून आवाज निघाला. ते पद नव्हतं, पण होतं मोठ्यानं. ब्लाउज न्यायला आलेली एक बाई दारात थबकली. दोघींकडे बघून तिनं चपला काढल्या, टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली. कोण गेलं ते नंतर विचारता येईल अशा समजुतीनं तिनंही मान हलवत खालचा सूर धरला.